राहून गेलेला 'पण'



शुक्रवारी संध्याकाळी आमच्या घरचा फोन शांत बसत नाही. कधी शेजारच्या काकू, कधी जुना वर्गमित्र, कधी भाचेमंडळी. प्रश्न सगळ्यांचा एकच, "कसा आहे?" म्हणजे त्या दिवशी लागलेला नवा सिनेमा कसा आहे! माझं कामच ते. सिनेमा पाहायचा आणि कसा वाटला ते वर्तमानपत्रात लिहायचं. या कामाला 'चित्रपट समीक्षक' असं भारदस्त नाव आहे. तुम्ही म्हणाल, काय मजा आहे! फुकट सिनेमे पाहायचे आणि वर पैसेही मिळवायचे! मजा आहे खरी, नाही म्हणत नाही. पण त्या फोनवर उत्तर देताना माझी पंचाईत होते. मी सुरुवात करतो, "आवडला, पण..." की पलीकडून लगेच आवाज येतो, "ते पण-बिण राहू दे रे! जाऊ की नको, तेवढंच सांग."

आज मला तुम्हाला या 'पण'चीच गोष्ट सांगायची आहे. दोनच अक्षरांचा शब्द. एकदा मी तो घाबरून गिळून टाकला आणि सातवीतल्या माझ्या भाचीनं मला रंगेहाथ पकडलं. कसं, ते सांगतोच. पण आधी २०२३ सालच्या दिवाळीत जाऊन येऊ.

त्या वर्षी १० नोव्हेंबरला, धनत्रयोदशीच्याच दिवशी, दोन मराठी सिनेमे एकदम लागले. दोन्ही आई आणि मुलाचे. एक 'श्यामची आई', दुसरा 'नाळ भाग २'. सकाळी एक पाहिला, दुपारी दुसरा. संध्याकाळी घरी आलो तेव्हा फराळाचं ताट समोर होतं, पण डोक्यात नुसता गोंधळ होता.

'श्यामची आई' तुम्हाला ठाऊक असेलच. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये त्यावर सिनेमा काढला. वनमालाबाई आई झाल्या होत्या आणि माधव वझे श्याम. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक देण्याची प्रथा सुरू झाली, तेव्हा पहिलंच पदक या सिनेमानं पटकावलं. तुमच्या आजीला विचारून पाहा. तिनं तो पाहिला असेल तर सांगतासांगताच ती पदर डोळ्यांना लावेल.

आता इतक्या गाजलेल्या सिनेमानंतर त्याच पुस्तकावर पुन्हा सिनेमा काढायचा म्हणजे धाडसच. सुजय डहाके यांनी ते केलं, आणि वर आणखी एक धाडस केलं. त्यांनी सिनेमा कृष्णधवल ठेवला. अत्र्यांच्या काळात सिनेमे कृष्णधवलच असायचे, कारण रंगीत फिल्म फार महाग होती. डहाक्यांना तशी काही अडचण नव्हती. त्यांनी रंग मुद्दाम बाजूला ठेवले. रंग गेले की काय होतं सांगू? लाल साडी, हिरवं झाड, निळं आभाळ यांतलं काहीच मदतीला येत नाही. उरतो फक्त उजेड आणि अंधार. त्या उजेडअंधारात जुनं कोकण, ते गरिबीचं घर, आईचा थकलेला चेहरा मला फार खरा वाटला. आपण जुन्या अल्बममध्ये शिरलो आहोत असं वाटत राहिलं.

मग 'पण' कुठं आला? मधूनमधून मला वाटलं, की गोष्ट संपली रे संपली की कुणीतरी उठून फळ्यावर सुविचार लिहितंय. आईनं जे केलं ते मी पाहिलं होतं, मला ते कळलंही होतं. ते पुन्हा शब्दांत सांगायची गरज नव्हती. बघणाऱ्यावर थोडा विश्वास टाकायला हवा होता.

'नाळ'ची गोष्ट निराळी. २०१८ च्या पहिल्या भागात विदर्भातल्या नदीकाठच्या गावातला चैत्या आपल्याला भेटला. आपल्याला सांभाळणारी आई ही आपल्याला जन्म देणारी आई नाही, हे त्याला कळतं आणि त्याचं छोटंसं जग हलून जातं. दुसऱ्या भागात हा चैत्या पश्चिम महाराष्ट्रात आपल्या जन्मदात्या आईच्या घरी जातो. तिथं त्याला चिमी नावाची धाकटी बहीण सापडते. हिनं आपल्याला भाऊ म्हणावं म्हणून त्याची केवढी धडपड! आणि चिमी मात्र गाल फुगवून बसलेली. ही मुलं अभिनय करताहेत असं वाटतच नाही. आपण त्यांच्या अंगणात लपून त्यांना बघतोय असं वाटतं.

इथंही माझा एक 'पण' निघालाच. दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी हे मूळचे कॅमेरामन. 'सैराट' त्यांनीच टिपला होता. त्यामुळे डोंगर, पाणी, शेतं इतकी देखणी दिसतात की काही वेळा कॅमेराच गोष्ट थांबवून देखावा बघत बसलाय की काय असं मला वाटलं. भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं. चैत्याच्या पोटात कालवाकालव होत असताना मला तो डोंगर नको होता, चैत्याचा चेहरा हवा होता.

हे दोन्ही 'पण' मी लिहिले. पुढं काय झालं माहीत आहे? २०२३ च्या सिनेमांसाठीचे राष्ट्रीय पुरस्कार १ ऑगस्ट २०२५ ला जाहीर झाले. 'श्यामची आई' सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला आणि 'नाळ २' सर्वोत्कृष्ट बालचित्रपट! बालकलाकाराचा पुरस्कार त्या वर्षी पाच मुलांना विभागून मिळाला. त्यात त्रिशा ठोसर, श्रीनिवास पोकळे आणि भार्गव जगताप हे तिघं 'नाळ २'चे, आणि कबीर खंदारे 'जिप्सी' या मराठी सिनेमातला. पाचांतली चार मुलं मराठी सिनेमातली! साडी नेसून राष्ट्रपतींकडून पदक घ्यायला गेलेली चिमुकली त्रिशा तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. मलाही तिला पाहून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

तेव्हा एका मित्रानं मला चिडवलं, "बघ! तू नावं ठेवलीस आणि दोघांनाही पुरस्कार मिळाले. चुकलास की नाही?"

मी थोडा विचार केला. नाही, मी चुकलो नव्हतो. वर्गात पहिल्या आलेल्या मुलीचं अक्षर वाईट असू शकतं ना? ते वाईट आहे म्हटलं म्हणून तिचा नंबर जात नाही, आणि नंबर आला म्हणून अक्षर सुधारत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. 'पण' हा शब्द त्यासाठीच असतो, दोन खऱ्या गोष्टी एका वाक्यात बसवायला.

एवढं शहाणपण मला होतं, तरी मी एकदा शेपूट घातलीच. आता ती गोष्ट.

१४ फेब्रुवारी २०२५ ला 'छावा' लागला. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा, लक्ष्मण उतेकरांचा हिंदी सिनेमा. छत्रपती संभाजी महाराजांच्या भूमिकेत विकी कौशल. सगळीकडे त्याचीच चर्चा. भाची हट्टच धरून बसली, "मामा, मला ने!" मी नेलं. तिकिटावर 'यूए १६+' असं लिहिलं होतं. २०२४ च्या नव्या नियमांनुसार सिनेमांच्या प्रमाणपत्रावर ७+, १३+, १६+ असे वयाचे आकडे येऊ लागले. १६+ म्हणजे त्याहून लहान मुलांना दाखवायचा की नाही, हे आईबाबांनी नीट विचार करून ठरवायचं. मी कसला विचार करतोय! 'आपलाच इतिहास, त्यात काय एवढं' म्हणून बारा वर्षांच्या मुलीला घेऊन गेलो.

थिएटर खच्चून भरलं होतं. महाराज पडद्यावर आले की घोषणा. विकी कौशल जीव तोडून काम करत होता. त्याचे डोळे, त्याची गर्जना, माझ्या अंगावर खरंच काटा आला. पण लढाईमागून लढाई, तिच्यामागून आणखी एक लढाई, आणि पाठीमागे ढोलांचा दणदणाट. एवढ्या आरडाओरड्यात मला सगळ्यांत जास्त भीती कुणाची वाटली असेल? अक्षय खन्नाच्या औरंगजेबाची. कारण तो हळू बोलत होता!

शेवटचा छळाचा प्रसंग तर बराच वेळ चालतो. भाचीनं ओढणी डोळ्यांवर घेतली होती आणि माझा हात घट्ट धरला होता. आजूबाजूला लोक हुंदके देत होते. मीही रडलो.

बाहेर आलो. रसवंतीगृहाच्या बाकावर बसलो. ग्लासातला रस तसाच ठेवून भाची म्हणाली, "मामा, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचार की."

"मला खूप रडू आलं. पण मधल्या मारामारीत कंटाळा आला. आणि आमच्या सरांनी सांगितलं होतं, की संभाजी महाराजांनी संस्कृतमध्ये पुस्तक लिहिलं. मी वाट बघत होते, ते लिहिताना कधी दाखवतात. असं म्हटलं तर चालेल का? महाराजांचा अपमान नाही ना होणार?"

मी म्हटलं, "वेडाबाई, महाराजांबद्दलचा आदर वेगळा आणि त्यांच्यावर काढलेल्या सिनेमाबद्दलचं मत वेगळं. ते पुस्तक म्हणजे 'बुधभूषण'. कवी कलशांबरोबरच्या प्रसंगात महाराजांमधला कवी थोडासा दिसतो. पण एवढ्या मोठ्या सिनेमात तो आणखी दिसायला हवा होता, असं मलाही वाटलं."

"मग मला रडू का आलं?"

प्रश्न बिनतोड होता. मी म्हटलं, "महाराजांचा असा शेवट १६८९ मध्ये खरोखर झाला. तो नुसता वाचला तरी डोळ्यांत पाणी येतं. तेव्हा आपल्या डोळ्यांतलं पाणी थोडं इतिहासाचं आणि थोडं सिनेमाचं. सिनेमाचं किती, ते ओळखणं हेच माझं काम."

मोठा भाव खाऊन बोललो मी! भाचीलाही पटलं. तिला घरी सोडलं आणि रात्री परीक्षण लिहायला बसलो.

आणि तिथं माझी लेखणी अडखळली. माझ्या डोळ्यांसमोर ते भरलेलं थिएटर आलं. त्या घोषणा, ते रडणारे लोक. मी 'पण' लिहिला तर लोक काय म्हणतील? 'याला महाराजांबद्दल काहीच वाटत नाही' असं म्हणाले तर? खरं सांगतो, मला कुणी धमकावलं नव्हतं. संपादकांनी 'असं लिही' म्हणून सांगितलं नव्हतं. घाबरलो तो माझा मीच. मी फक्त कौतुक लिहिलं, लेख पाठवून दिला आणि झोपलो. झोप काही नीट लागली नाही.

दोन दिवसांनी भाची घरी आली. हातात माझ्या लेखाचं कात्रण. माझे लेख ती कापून वहीत चिकटवते.

"मामा, यात तुझा 'पण' कुठाय?"

"अगं, जागा कमी होती."

तिनं कात्रणावर बोट ठेवलं. "मग 'अंगावर काटा आला' हे दोनदा कशाला लिहिलंस?"

मी गप्प. काय बोलणार? वर ती म्हणाली, "मला वाटलं, तू लिहिशील आणि मग मी वर्गात सांगेन, की बघा, मामालाही तसंच वाटलं. आता मी पण सगळ्यांना नुसतं 'भारी होता' एवढंच सांगितलं."

हे मात्र मला फार लागलं. माझ्या एका न लिहिलेल्या शब्दामुळे तिनं आपला शब्द गिळला होता. मोठ्या माणसानं खरं बोलायचं टाळलं की लहान माणसाला वाटतं, खरं बोलायचंच नसतं.

पुढच्या आठवड्यात माझ्या सदरात मी राहून गेलेलं सगळं लिहिलं. विकी कौशलचं कौतुक तसंच ठेवलं, कारण तेही खरंच होतं. त्याच्याशेजारी लढायांचा कंटाळा लिहिला, न दिसलेला ग्रंथकार लिहिला, आणि बारा वर्षांच्या मुलीला विचार न करता नेलं ही माझी चूकही लिहिली. आभाळ काही कोसळलं नाही. रागावलेले थोडे फोन आले. एक आजोबा तर चांगले पंधरा मिनिटं रागावले. मी मुकाट्यानं ऐकून घेतलं. शेवटी फोन ठेवताठेवता ते म्हणाले, "पण तो शेवटचा भाग नातवाला दाखवायला नको होता, हे मात्र खरं. पोर दोन रात्री दचकून उठत होतं." पाहिलंत? 'पण' त्यांच्याहीकडे होता. फक्त तो बाहेर यायला पंधरा मिनिटं लागली.

त्यानंतर भाचीनं आणि मी एक नियम केला. सिनेमा पाहिला की एकमेकांशी बोलायच्या आधी आपापलं मत कागदावर लिहायचं. कागदाच्या मधोमध रेघ. डावीकडे 'आवडलं', उजवीकडे 'पण'. दोन्ही बाजू भरल्याच पाहिजेत असं नाही. मात्र मनात असलेलं लपवायचं नाही.

त्या नियमानं पाहिलेला सिनेमा म्हणजे १२ सप्टेंबर २०२५ ला लागलेला सुबोध खानोलकरांचा 'दशावतार'. या वेळी मी आधी एकटा जाऊन पाहून आलो, भाचीच्या आईशी बोललो, आणि मगच तिला नेलं. दशावतार म्हणजे सिंधुदुर्गात आणि गोव्यात जत्रेत रात्ररात्र चालणारं लोकनाट्य. त्याची गंमत अशी, की गोष्ट ठरलेली असते पण संवाद लिहिलेले नसतात. नट ऐनवेळी रंगमंचावर बोलतात! बायकांच्या भूमिकाही पुरुषच करतात. सिनेमातले बाबुली मेस्त्री असेच आयुष्यभर दशावतार केलेले म्हातारे नट. नजर अधू झालेली, पण तोंडाला रंग लागला की माणूस बदलतो. हे काम केलं आहे दिलीप प्रभावळकरांनी. 'लगे रहो मुन्नाभाई'मधले गांधीजी ते हेच, आणि तुमच्या आईबाबांना 'चौकट राजा' आठवत असेल. सिनेमा लागला तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. ८१!

दोघांच्याही कागदावर डावीकडे पहिली ओळ एकच निघाली: 'प्रभावळकर'. माझ्या डावीकडे रंगपटातले ते शांत प्रसंगही होते आणि बापलेकाची माया होती. उजवीकडे मी लिहिलं होतं, 'मध्यंतरानंतर नेहमीचा सूडाचा सिनेमा होतो. वाईट माणसं नुसतीच वाईट.'

भाचीच्या कागदावर नेमकं उलटं! तिला मध्यंतरानंतरचाच भाग आवडला होता. 'एकेक अवतार येतो तेव्हा मज्जा येते' असं तिनं लिहिलं होतं, आणि उजवीकडे 'सुरुवात हळू'.

मी वाद घालायला लागलो, तर ती म्हणाली, "मामा, तू असले शंभर सिनेमे बघितलेत, म्हणून तुला नेहमीचा वाटला. मी पहिल्यांदाच बघितला."

घ्या! मला उत्तर सुचलं नाही. आपलं मत आपण आधी काय काय पाहिलं आहे त्यावरही ठरतं, हे मला माझ्या भाचीनं शिकवलं. तिचं खोटं नव्हतं आणि माझंही. मी परीक्षणात दोन्ही लिहिलं.

म्हणून मित्रांनो, पुढचा सिनेमा पाहाल तेव्हा हा कागदाचा खेळ करून बघा. सगळे 'भारी' म्हणत असताना तुम्हाला मधेच कंटाळा आला असेल तर तो कुठं आला, ते आठवा. सगळे 'बकवास' म्हणत असताना तुम्हाला एखादा प्रसंग आवडला असेल तर तोही लिहा. त्यालाही तितकंच धाडस लागतं बरं का! आणि कारण लिहायला विसरू नका. कारण नसलेला 'पण' म्हणजे नुसती कुरकुर.

आणि आईबाबांनो, पोरगं "मला नाही आवडला" म्हणालं तर "एवढे पैसे घालून नेलं आणि..." असं सुरू करू नका. "का रे?" एवढंच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

हे लिहितोय तो दिवस शुक्रवारच आहे, आणि फोन वाजतोय. भाचीचाच असणार. ती हल्ली "कसा आहे?" असं विचारत नाही. ती विचारते, "मामा, तुझा 'पण' काय?"

तुमचा काय, तो मलाही जरूर कळवा!